पिशवीच्या तोंडाला जखम, त्यात एचपीव्ही पॉझिटिव्ह, मग पिशवी काढायची का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळेल. तुमची वहिनी ३६ वर्षांची, दोन मुलं, अमळनेरजवळच्या गावात राहते. अंगावरून पांढरं जातं म्हणून दाखवलं, तिथे सांगितलं पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडाला जखम आहे. मग एचपीव्ही या व्हायरसची टेस्ट झाली, ती पॉझिटिव्ह आली, त्यात १६ आणि १८ नंबरचे प्रकार निगेटिव्ह, 'अदर हाय रिस्क' म्हणजे धोक्याचे बाकीचे प्रकार पॉझिटिव्ह, पॅप स्मिअर म्हणजे तोंडावरच्या पेशींची तपासणी नॉर्मल. एका ठिकाणी सांगितलं पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल. आणि घरात दुसरंच सुरू झालंय, हा रोग 'तसल्या' संबंधातून होतो असं कुणीतरी मोबाईलवर वाचलं आणि महिना झाला तुमचा भाऊ आणि वहिनी धड बोलत नाहीत.

मी जळगाव-धुळे पट्ट्यात पंचवीसेक वर्षं बायकांच्याच तपासण्या करतेय, तर सरळ सांगते. तुम्ही लिहिलेल्या या रिपोर्टवर पिशवी काढायचं काहीही कारण नाहीये. कॅन्सर नाहीये, कॅन्सरच्या आधीची स्टेज आहे असंही हा रिपोर्ट म्हणत नाही. आणि या रिपोर्टवरून कुणी बाहेर काय केलं हे देवालाही सांगता येणार नाही.

आता एकेक करून, कारण यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये आणि ती खिचडी आमच्या डॉक्टर लोकांनीच शिजवलीय.

पहिली गोष्ट ती 'जखम'. पिशवीचं तोंड म्हणजे सर्व्हिक्स, बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, तेवढंच घट्ट. बाहेरून त्याच्यावर गुलाबी, गुळगुळीत, जाड थराचं अस्तर असतं आणि आतल्या नळीत लाल, पातळ, एकाच थराचं अस्तर. वयात येताना, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आतलं लाल अस्तर थोडं बाहेर डोकावतं. ओठ बाहेर वळवल्यावर आतला लाल भाग दिसतो ना, अगदी तसंच. याला आम्ही एक्ट्रोपियन म्हणतो, जुन्या डॉक्टरांचा शब्द 'इरोजन', आणि इरोजनचं मराठी कुणीतरी 'जखम' करून ठेवलं. ती जखम नसते हो. बाळंतपणं झालेल्या तरुण बायांमध्ये कितीतरी जणींना दिसते, तिच्यामुळे थोडा चिकट पाण्यासारखा स्राव जास्त जाऊ शकतो एवढंच. मी पण सुरुवातीची काही वर्षं पेशंटला 'जखम आहे बाई' असंच सांगायचे आणि कित्येकींची ती लाली मशीनने जाळलीय, तेव्हा तशीच पद्धत होती. आज त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना काही करायची गरज नव्हती असं वाटतं. पण 'जखम' हा शब्द एकदा कानात गेला की बाई दहा वर्षं तो घेऊन फिरते, आणि मग एक दिवस येऊन म्हणते, "डॉक्टरीन बाई, मन्ही पिशवी काढीच टाका, कटकटच नको."

दुसरी गोष्ट पांढरं जाणं. एचपीव्हीमुळे पांढरं जात नाही. दह्यासारखं फुटीर आणि खाज असेल तर बहुतेक बुरशी, माशासारखा वास असेल तर बॅक्टेरियाची गडबड, हिरवट-फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, आणि त्याला नवरा-बायको दोघांनीही गोळ्या घ्यायच्या असतात. वास नाही, खाज नाही, पाळीच्या मधल्या दिवसांत कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं काही जातंय तर ते नॉर्मल आहे, त्याला औषधच नाही. वहिनीला यातलं कोणतं आहे हे तुम्ही लिहिलं नाही, पण जे असेल ते गोळ्यांनी बरं होणारं आहे, त्यासाठी पोट फाडत नाहीत.

तिसरी गोष्ट, एचपीव्ही.

हा व्हायरस एक नाही, दोनशेच्या वर प्रकार आहेत. हातापायाला चामखीळ येते ती पण याच खानदानातली. खालच्या भागात येणारे प्रकार वेगळे, आणि त्यात पुन्हा दोन गट. ६ आणि ११ नंबरमुळे जननेंद्रियावर फुलकोबीसारखे मस येतात, दिसायला घाण, जीवाला घोर लावतात, जाळले तरी परत येतात, पण त्यांचा कॅन्सर सहसा होत नाही. दुसरा गट हाय रिस्क, डझनभर प्रकार, त्यातले १६ आणि १८ सगळ्यात डांबिस. जगातल्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के या दोघांमुळे होतात. वहिनीला हे दोघं नाहीत. बाकीच्या डझनभरातला कुणीतरी आहे. (या व्हायरसचा आणि कॅन्सरचा संबंध शोधून काढणारे जर्मन डॉक्टर हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं, त्याआधी बरीच वर्षं लोक त्यांचं ऐकायला तयार नव्हते.)

आता घरातल्या भांडणाचं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्या माणसांना, बाई असो बुवा असो, आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो. हा कातडीला कातडी लागून पसरतो, त्यामुळे कंडोमनेही पूर्ण अडत नाही, थोडाफार अडतो. ताप नाही, खाज नाही, दुखणं नाही. होतो आणि दहापैकी नऊ जणांचा वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच साफ करून टाकतं. काहींमध्ये मात्र गुपचूप पडून राहतो आणि कितीतरी वर्षांनी टेस्टमध्ये दिसतो. म्हणजे तो लग्नाच्या पहिल्या वर्षी आला की मागच्या महिन्यात, नवऱ्याकडून बायकोला की बायकोकडून नवऱ्याला, हे सांगणारी टेस्ट कुठल्याच लॅबमध्ये नाही. पुरुषांसाठी तर अशी नेहमीची टेस्टही नाही, त्यामुळे 'भाऊची पण टेस्ट करू का' याचं उत्तर नको. त्याला मस दिसत असतील तर दाखवा, नाहीतर गप बसा. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, चोपड्याकडचं, केळीची शेती, तो माणूस कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा आणि ती खुर्चीत पदर तोंडाला लावून रडतेय. मी त्याला बोलावलं, हाताला चामखीळ आली होती का कधी विचारलं. आली होती, लहानपणी. कुणाकडून आली? म्हणे, काय माहीत. म्हटलं मग हिला विचारू नका आणि तुम्हालाही कुणी विचारणार नाही. भावाला एवढं वाचून दाखवा, मी सांगितलं म्हणा.

आता मुद्दा, मग करायचं काय. १६-१८ निगेटिव्ह, बाकी हाय रिस्क पॉझिटिव्ह आणि पॅप नॉर्मल असेल तर नियम असा की वर्षभराने परत टेस्ट करायची. तेव्हा निगेटिव्ह आली तर शरीराने काम केलं. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने तोंड बघणं. १६ किंवा १८ पॉझिटिव्ह असती तर पॅप नॉर्मल असूनही लगेच कॉल्पोस्कोपी सांगितली असती. पण एक अट. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसत असेल तर वर्षभर थांबायचं नाही, लगेच बघून घ्यायचं, मग रिपोर्ट काहीही असो. वहिनीला हे एकटीला विचारा, सासूसमोर नाही, सासूसमोर ती नाहीच म्हणेल.

वर्षभर थांबायचं म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, तेवढ्यात कॅन्सर झाला तर? नाही होत. व्हायरस टिकून राहिला, मग पेशी बदलायला लागल्या, त्याला सीआयएन १, २, ३ अशा पायऱ्या आहेत. एक नंबर बहुतेक वेळा आपोआप जातो. दोन-तीनला उपचार करतो. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या बाईत व्हायरस लागण्यापासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असेल तर ५ ते १० वर्षं, म्हणून त्यांचं वेळापत्रक वेगळं. एवढा वेळ देणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल, आणि तरी आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास नवीन केसेस आणि ८० हजारांच्या जवळपास मृत्यू होतात, कारण ज्या बायांना ही १५ वर्षं मिळतात त्या त्यात एकदाही टेबलावर येत नाहीत.

कॉल्पोस्कोपीचं नाव ऐकून घाबरतात म्हणून नेमकं काय होतं ते सांगते. ते ऑपरेशन नाही. कॉल्पोस्कोप म्हणजे स्टँडवर बसवलेली दुर्बीण, ती आत जात नाही, बाहेरच एक हात लांब राहते. आत जातं ते स्पेक्युलम, बदकाच्या चोचीसारखं, पॅप स्मिअरला वापरतात तेच. श्वास रोखून धरलात, मांड्या आवळल्यात तर दुखतं, तोंड उघडं ठेवून लांब श्वास सोडलात तर नुसता दाब वाटतो. आमच्या सिस्टर हे माझ्यापेक्षा चांगलं करून घेतात, त्या पेशंटला पोरांची नावं विचारत बसतात.

मग कापसाचा बोळा ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगरमध्ये, बुडवून पिशवीच्या तोंडाला लावून ठेवायचा, घड्याळ लावून एक मिनिट. किंचित चुरचुरतं. खोलीत चायनीजच्या गाडीवरचा वास सुटतो, आणि एका बाईने मला खरंच विचारलं होतं की आत लोणचं घालताय का. एका मिनिटानंतर बोळा काढला की नॉर्मल भाग गुलाबीच राहतो आणि जिथे पेशी बदललेल्या असतात तिथे पांढरा डाग वर येतो. हलका, विरळ, कडा न कळणारा पांढरेपणा असेल तर बहुतेक वेळा काही नसतं. पण भिंतीला चुन्याचा हात मारावा तसा दाट, कडा स्पष्ट असलेला आणि बराच वेळ न जाणारा पांढरा डाग दिसला की आम्ही पुढे सरकून बसतो. मग आयोडीन लावायचं. नॉर्मल पेशींमध्ये ग्लायकोजेन असतं, त्या आयोडीन पिऊन गडद तपकिरी होतात, शिसवी लाकडासारख्या. बिघडलेल्या भागात ते नसतं, तो मोहरीसारखा पिवळा राहतो. पांढरं आणि पिवळं एकाच जागी जुळलं तर तिथलाच तांदळाएवढा तुकडा घ्यायचा, ती बायोप्सी. चिमटा बसल्यासारखं होतं, त्या जागेला दुखण्याच्या नसा कमी असतात. नंतर दोन-चार दिवस काळपट कॉफीच्या चोथ्यासारखं जातं, ते रक्त थांबवायला लावलेल्या औषधाचं असतं, घाबरू नका. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. परवा शहाद्याकडची एक आजी उतरताना म्हणाली, "व्हई गयं? इतलंच?" आणि बाहेर जाऊन तिने सोबतच्या दोघींना स्वतःच आत ढकललं.

दुर्बीण नसेल तरी नुसत्या डोळ्यांनी व्हिनेगर लावून बघता येतं, त्याला व्हीआयए म्हणतात. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर ५ वर्षांनी हीच तपासणी आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात लॅबला नमुना पाठवून रिपोर्ट येईपर्यंत बाई ऊसतोडीला गुजरातेत निघून गेलेली असते, तिथे 'आत्ता बघा, आत्ता सांगा' हीच पद्धत कामाची. पण शक्य असेल तिथे एचपीव्ही टेस्ट जास्त भरवशाची, आणि हे कुठल्या अमेरिकेतल्या बायांवर ठरलेलं नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचं धाराशिव, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी गावोगाव फिरून १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला, ३० ते ५९ वयाच्या. २००९ मध्ये तो छापून आला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि टेस्ट निगेटिव्ह आलेल्या बायांमध्ये पुढच्या ८ वर्षांत या कॅन्सरने एकही मृत्यू नाही. आपल्यासारख्याच ज्वारी-कापसाच्या शेतातल्या बायका त्या. मला कुणी विचारलं कशावर विश्वास ठेवू तर मी हा अभ्यास सांगते.

आता पिशवी काढण्याबद्दल, आणि इथे मी जरा चिडूनच लिहिणार आहे. खान्देशात काय, मराठवाड्यात काय, 'पोरं झाली ना, मग पिशवीचं काय काम' हे वाक्य घराघरात आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण पेपरात गाजलं, पण तो प्रकार फक्त तिथला नाही. पिशवी काढताना तिशी-पस्तिशीत अंडाशयंही काढली तर दुसऱ्या दिवसापासून पाळी गेलेल्या बाईचं शरीर होतं. अंगातून वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका वाढतो. आणि लोकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे, व्हायरस पिशवी काढून जात नाही, तो योनीच्या अस्तरातही असतो. म्हणजे ऑपरेशन करूनही पाठपुरावा चुकत नाही.

याहून वाईट म्हणजे न तपासता काढणं. काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातली एक बाई आली, ४४ वर्षांची. संबंधानंतर रक्त जायचं, एका ठिकाणी दाखवलं, ना पॅप ना बायोप्सी, थेट पिशवी काढली. काढलेली पिशवी लॅबला गेली आणि तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला कॅन्सर. आता कॅन्सर असेल तर त्याचं ऑपरेशन वेगळं असतं, आजूबाजूचा भाग, गाठी सगळं बघून करायचं, किंवा पुढे गेलेला असेल तर ऑपरेशनच नाही, रेडिएशन. अर्धवट कापलेल्या जागेवर मग सगळं अवघड होऊन बसतं. तिला पुढे मुंबईला जावं लागलं, जिवंत आहे, पण जे एका तुकड्याच्या बायोप्सीवर आधी कळलं असतं त्याची किंमत तिने दुप्पट मोजली. म्हणून कुणीही पिशवी काढा म्हटलं की एकच विचारायचं, "तोंडाची तपासणी झालीय का, रिपोर्ट दाखवा." एवढ्या प्रश्नावर बरीच ऑपरेशनं पुढे ढकलली जातात, माझा अनुभव.

समजा वर्षभराने वहिनीची टेस्ट परत पॉझिटिव्ह आली, कॉल्पोस्कोपीत डाग दिसला, बायोप्सीत सीआयएन २ किंवा ३ निघालं, तरी पिशवी नाही काढत. फक्त तो डाग काढायचा. गरम प्रोबने जाळणं किंवा गोठवणं, नाहीतर लीप म्हणजे तारेच्या पातळ कडीने तेवढाच भाग खरवडून काढणं. भुलीचं इंजेक्शन त्या जागेपुरतं, पंधरा-वीस मिनिटं, संध्याकाळी घरी. महिनाभर संबंध नाही, जड उचलणं नाही, पाण्यासारखं जात राहतं, पॅड लागतं. पुढे मूल हवं असेल तर लीपनंतर दिवस आधी भरण्याचा धोका थोडा वाढतो, ते आधी बोलून घ्यायचं.

एचपीव्हीच्या लसीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण तुमची भाची ११ वर्षांची आहे असं लिहिलंय म्हणून. तिला द्या. ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, १५ च्या पुढे तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून एक डोसही चालतो म्हटलंय, आणि त्यामागची गोष्ट मजेशीर आहे. आपल्याच देशात दोन डोस विरुद्ध तीन डोस असा अभ्यास चालू होता, २०१० मध्ये लसीकरण मध्येच थांबवायला लागलं, हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, दहा वर्षं मागे लागले, आणि दिसलं की एका डोसनेही १६-१८ पासून जवळपास तेवढंच संरक्षण मिळतंय. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२२ मध्ये मंजूर झाली, ती ६, ११, १६, १८ या चौघांवर चालते. इंजेक्शननंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवा, या वयातल्या पोरी सुईने नाही, भीतीने चक्कर येऊन पडतात. लस घेतली की मूल होत नाही वगैरे जे फिरतंय ते खोटं आहे. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकत नाही, कारण बाकीचे प्रकार उरतातच. वहिनीला आत्ता लस देऊन तिचा हा व्हायरस जाणार नाही, त्यामुळे कुणी तिला 'लस घ्या, बरं होईल' म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की आईची, म्हणजे ६२ वर्षांच्या बाईची, करायची का, पाळी जाऊन बारा वर्षं झाली. हो, करायची, आणि तिची आधी करायची. हा कॅन्सर पन्नाशी-साठीतच जास्त सापडतो आणि त्याच वयाच्या बाया 'आता काय राहिलंय तपासायला' म्हणून येत नाहीत. पाळी गेल्यावर एक थेंब जरी लाल दिसला तरी तो कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत आम्ही तो कॅन्सरच धरतो.

कधी यायचं ते. कापूस वेचणीत कुणी येत नाही हे मला माहीत आहे, मी बोलावतही नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, दोन-चार दिवस सासरची घाई नसते, आमच्याकडे सगळ्यात जास्त तपासण्या तेव्हाच होतात, आई, लेक, वहिनी एकाच रिक्षात. तुम्हीही तसंच करा. वहिनीची पुढची टेस्ट वर्षभराने आहे, पण पांढऱ्या जाण्याचं आत्ताच दाखवून घ्या. पाळीनंतर आठव्या ते पंधराव्या दिवसात या. आधी दोन दिवस संबंध नको, आत काही गोळी-क्रीम घालायला नको, आतून धुवायचं तर कधीच नको. रिपोर्टचा मोबाईलवर काढलेला फोटो नको, मूळ कागद आणा, त्यावर कोणती टेस्ट, कोणते प्रकार तपासले ते बारीक अक्षरात असतं. ड्रेसपेक्षा साडी नेसून आल्या तर बरं, अंगावरचं काही काढावं लागत नाही. आणि भावालाही सोबत घेऊन या, तो बाहेर बाकड्यावर बसला तरी चालेल.